वरातीच्या गाडीचं दार

बाबा होते तोवर आमच्या गाडीला कुणी व्हिंटेज म्हटलं नव्हतं. लालबागच्या आमच्या चाळीत तिला 'वरातीची' म्हणायचे, आणि तिच्यातून वराती निघायच्या थांबल्यावर लोक तिला काहीच म्हणेनासे झाले. चाळीच्या मागे पूर्वी कोळशाची वखार होती. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली पडून असायची. किल्ली बाबांकडे. अधूनमधून ते जायचे, इंजिन सुरू करून त्याची घुरघुर ऐकायचे, बंद करायचे आणि वर येऊन हातपाय धुवायचे. गाडी त्यांनी विकली नाही, चालवली नाही, कुणाला तिला हातही लावू दिला नाही.

बाबा गेल्यावर पाठोपाठ चाळ पुनर्विकासात गेली आणि शेड रिकामी करायचा निरोप आला. आईला घेऊन अँटॉप हिलला भाड्याच्या जागेत जायचं होतं. बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती, मी माळ्यावरचं काढत होतो, आणि त्यात आता ही गाडी. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

गिऱ्हाईक मात्र पटकन मिळालं. करी रोडच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा एक तरुण दातांचा डॉक्टर, जुन्या गाड्यांचा नाद असलेला. तो गाडीभोवती दोनतीनदा फिरला. दात किडलाय का बघावं तसा पत्र्यावर टकटक करत होता. टप फाटला होता, रंग उडाला होता, तरी त्याचा चेहरा खुलला होता. "काका, मला शोपीस नकोय," तो म्हणाला. "मला ही रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला चालवायचीय. आधी एक फेरी मारू या."

माझा शाळेपासूनचा एक मित्र आहे. परळला त्याचं गॅरेज आहे, मुख्य काम डेंटिंगचं, चेपलेला पत्रा सरळ करायचं. त्याने ब्रेक बघितले, टायर बदलले, आणि आम्ही तिघं शिवडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. हळू होती तोवर गाडी शहाण्या म्हशीसारखी चालली. चाळिसाच्या पुढे काटा गेला आणि समोरच्या काचेची चौकट थरथरायला लागली. स्टिअरिंगचा दांडा वरखाली व्हायला लागला. आरशात मागच्या एका ट्रकचे दोन ट्रक दिसायला लागले. डॉक्टरने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "ही थरथर काढून द्या. मग मी नेतो."

म्हणजे काम माझ्याच गळ्यात आलं. मी लोअर परळच्या एका टॉवरच्या तळघरात पंप सांभाळतो. जिथे बाबा फिटर होते त्याच गिरणीच्या जागेवर तो टॉवर आहे, पण त्याचं मला आता काही वाटत नाही. वाटून घ्यायला तळघरात वेळ नसतो. वर सतराव्या मजल्यावरच्या बाई तक्रार करतात की चहाच्या कपात लाटा येतात, आणि मग मी खाली कान लावत फिरतो. पोटासाठी मी थरथर शोधतो. या कामातली पहिली अक्कल ही की थरथर जिथे जाणवते तिथे बहुतेक वेळा दोष नसतो. दोष दुसरीकडे असतो आणि बोंब भलत्याच्याच नावाने होत असते.

गाडी परत आणली तेव्हा आई गॅलरीत होती. इंजिनाचा आवाज ऐकून ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. माझ्या मित्राने ते बघितलं. त्यालाही सगळं माहीत होतं. आमच्या चाळीत, शेजारच्या चाळीत, परळच्या नातेवाइकांत, हे माहीत नसलेला माणूस नव्हता.

तर ते सांगतो. गिरणी बंद पडली तेव्हा बाबांनी ही गाडी गिरगावातल्या एका वकिलांच्या मुलाकडून भंगाराच्या भावात उचलली. लग्नाच्या वरातीसाठी उघडी गाडी भाड्याने द्यायची, ही कल्पना त्यांची. पण वरात म्हणजे बँडच्या मागे, नाचणाऱ्यांच्या पायाच्या वेगाने चालायचं. जुनं पेट्रोल इंजिन दोन गल्ल्या गेलं की तापून उकळायचं. म्हणून बाबांनी त्यात टॅक्सीचं डिझेल इंजिन बसवलं. ते तासन्‌तास रांगलं तरी तापेना. धंदा चालला. नवरानवरी मागे, मिटलेल्या टपावर गादी घालून उंच बसायची, पाय मागच्या सीटवर सोडून. बाबांचा एक नियम होता, मागे दोघांशिवाय कुणी नाही. 'मागच्या स्प्रिंगांचे पाटे बसतात,' ते म्हणायचे. नवरदेवाचा मामा असो नाहीतर नगरसेवक, बाबा त्याला खाली उतरवायचे.

मग आत्याचं लग्न निघालं. बाबांची एकुलती एक बहीण. लग्न परळच्या हॉलमध्ये, सासर दादरला. आमचीच गाडी, त्यामुळे बाबांनी तिला आरशासारखी पुसून, झेंडूच्या माळा सोडून उभी केली होती. नवरानवरी बसली. करवल्या त्यांच्या दोन्ही बाजूंना चढल्या. मग नवऱ्या मुलाकडची पोरं मागच्या बंपरवर उभी राहिली, दोघं डिकीवर बसले. आता बहिणीच्या सासरच्या माणसांना 'उतरा' कोण म्हणणार? मुलीकडचे आपण. दुसऱ्याच्या वरातीत वाघ असलेले बाबा त्या दिवशी हात जोडून हसत होते. पुढच्या सीटवर उजवीकडे बाबा, मध्ये मी, डावीकडे दाराशी आई. आईच्या मांडीवर माझी धाकटी बहीण. मी दहा वर्षांचा, ती पाच.

परळच्या नाक्यापाशी रस्ता खणून नुसता मातीने बुजवलेला एक चर होता. पुढची चाकं त्यातून गेली. मागची त्यात पडली, गाडी मागून खाली बसली आणि उसळली. डावं दार उघडलं. आईचा एक हात बहिणीभोवती होता, तरी ती त्यातून निसटून खाली गेली. गाडी चालत्या माणसापेक्षा हळू होती, पण मागचं चाक लगेच तिथेच होतं. बँड बराच वेळ थांबला नाही, कारण पुढच्यांना काही कळलंच नव्हतं.

दार कुणी लावलं होतं? आईने. मग ते उघडलं कसं? नीट लावलं नव्हतं म्हणून. एवढा हिशेब करायला कुणाला हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरेपर्यंतही वेळ लागला नाही. वरपक्षाकडच्या एका बाईने तो मोठ्याने केला आणि आमच्याकडच्यांनी मान हलवली. नव्या सोयऱ्यांशी त्या घडीला वाद घालायला कुणात ताकद नव्हती. आमची आजी तर पुढे मरेपर्यंत म्हणत राहिली, "तिका गजऱ्याची पडलेली, चेडवाची खंय." म्हणजे हिला गजऱ्याची पडली होती, पोरीची कुठे. आई पहिलं वर्षभर सांगत होती, "मी लावलेलं. खटका वाजलेला मी ऐकलाय." मग तिने सांगायचं सोडलं. मी मध्ये बसलो होतो, पण खटका मी ऐकला की नाही हे मला आठवत नाही. बँड वाजत होता.

बाबा तिला कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यावरून चाळीत त्यांना देवमाणूस म्हणायचे. दुसरा असता तर बायकोला हाकलून दिलं असतं, असं बायका नळावर बोलायच्या, आणि आई ते ऐकत हंडा भरायची. ती कुठल्याही गाडीचं दार स्वतः लावत नाही. टॅक्सीत बसली की हात मांडीवर ठेवून गप्प राहते. टॅक्सीवाला मागे वळून बघतो, वैतागतो, हात लांब करून दार ओढतो, आणि मग ती म्हणते, "चला." दादरला आत्याकडे कार्य असलं की ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसते आणि कुणी न सांगता कांदे चिरायला घेते. मला या सगळ्याची सवय झाली होती. घरात एखादा नळ कायम गळत असावा तशी.

आता गाडीचं. मी आणि मित्राने रोज संध्याकाळी कामानंतर शेडमध्ये जायला सुरुवात केली. आधी चाकं तोलून घेतली. थरथर तशीच. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून बघितली. तशीच. मग इंजिनावर संशय घेतला, कारण ते टॅक्सीचं, सावत्र. रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि इंजिन बंद केलं. गाडी नुसती गडगडत होती आणि काच तशीच नाचत होती. म्हणजे इंजिनही निर्दोष. स्टिअरिंगचे सांधे घट्ट होते. मित्र म्हणाला, "अरे, हिची बॉडीच हलतेय. पक्कं छप्पर नाय ना हिला. मिठाईच्या खोक्याचं झाकण काढ आणि पिळ, तसं झालंय."

उघड्या गाड्यांचं हे मूळचंच दुखणं. डोक्यावर छप्पर नसतं, म्हणून सगळा ताण जमिनीच्या पत्र्यावर आणि दाराखालच्या पट्ट्यांवर येतो. बनवणारे ते ओळखून खाली लोखंड घालतात. पण वाकते म्हणजे किती वाकते, आणि कुठे, हे बघायचं कसं? महागडी मापं माझ्या तळघरात आहेत, ती बाहेर नेता येत नाहीत. मी वर जाऊन बायकोच्या परातीतून कणकेचा गोळा उचलला. तिने विचारलं, कशाला. मी म्हटलं, गाडीला. ती उरलेली कणीक मळत राहिली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

दाराच्या मागच्या कडेला, वरच्या बाजूला, दार आणि बॉडी यांच्या फटीत कणकेचा छोटा गोळा चिकटवायचा, दार लावायचं, माणसं बसवायची, मग दार उघडून गोळा किती चपटा झाला ते बघायचं. फट जितकी मिटेल तितका गोळा चपटा. एवढी साधी गोष्ट. रिकाम्या गाडीत गोळा जाड राहिला. मी आणि मित्र सीटवर बसलो तर तो पापडासारखा झाला. म्हणजे मध्ये वजन आलं की गाडी पोटाशी खाली येते आणि वरची फट मिटते. अशा मिटलेल्या फटीत दार एरवी ओढूनही लागलं नसतं.

"बरोबर," मित्र म्हणाला आणि दाराच्या खटक्यावर बॅटरी मारली. "हे बघ. तुझ्या बाबांनी पण हेच बघितलेलं." चौकटीवरच्या ज्या खाचेत खटका अडकतो तिचा ओठ कानशीने घासून कमी केलेला होता. सुबक काम, कडा गोल केलेल्या. गिरणीतला हात. दार अडकतं म्हणून बाबांनी खाच घासली आणि दार लोण्यासारखं लागायला लागलं. सीटवर माणसं बसली की गाडी खाली वाकून दार दाबून धरायचीच, त्यामुळे खाच उथळ झाली तरी काही बिघडत नव्हतं.

मला तिथेच थांबता आलं असतं. पण माझ्या कामात एक खोड लागते, की यंत्र ज्या ओझ्याखाली चालतं त्याच ओझ्याखाली ते तपासायचं. ही गाडी आयुष्यभर चालली ती माणसं मागे बसवून. चाळीच्या जिन्याखाली चौघं पत्ते खेळत होते, त्यांना मी बोलावून आणलं. दोघांना टपावर बसवलं, दोघांना बंपरवर उभं केलं. नवा गोळा लावला, दार बंद केलं. "जरा हला," मी म्हटलं. ते हसत हसत हलले. शेपूट खाली गेली, गाडीची कंबर वर आली, आणि दाराची वरची फट माझ्या डोळ्यांसमोर रुंदावली. कणकेचा गोळा सुटून खाली पडला. मग खटका त्या घासलेल्या ओठावरून घसरला आणि दार आपोआप उघडलं.

कुणी हात लावला नव्हता. मी लावला नव्हता, मित्र माझ्या शेजारी उभा होता. पत्तेवाले अजून हसत होते. मित्राने त्यांना हळूच खाली उतरवलं आणि चहाला पाठवून दिलं.

आम्ही ते लगेच पुन्हा केलं नाही. मी बंपरवर बसलो. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर केलेला तो हिशेब, आजीची ती वाक्यं, नळावरच्या बायका, आणि या सगळ्यांत खाली मान घालून कांदे चिरणारी आई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आमच्या घरात इतकी वर्षं रोज दिली जात होती, आणि आम्ही शेजारी बसून जेवत होतो. मित्र जॅक लावून गाडीखाली गेला होता. त्याला कारण पुरं हवं होतं.

बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली. "खाली ये रे." मी उताणा सरकलो. गाडीच्या पोटाखाली फुलीच्या आकाराची जाड लोखंडी कैची असते, तिच्यावर उघड्या गाडीचा सगळा जोर. ती मधोमध गॅसने कापलेली होती. टॅक्सीच्या इंजिनाचा गिअरबॉक्स बसेना म्हणून. तोही बाबांचाच हात, स्वच्छ कापलेला. चालत्या माणसाच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला कैचीचं काय काम, असं त्यांना वाटलं असणार. त्या वेगात काच थरथरत नाही, स्टिअरिंग हलत नाही, गाडी तोंडातून शब्द काढत नाही. वरातीशिवाय दुसरीकडे ती चालली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"हे नाय दाखवत तुला," मित्र म्हणाला. "हे बघ." कापलेल्या दोन टोकांना जोडणारा एक अँगल होता. वेगळं लोखंड, वेगळं वेल्डिंग, खडबडीत, घाईचं, ठिकठिकाणी पत्रा जाळलेलं. तो जाड नव्हता म्हणून पुरला नाही, एका बाजूने तडकून लोंबत होता. पण कशासाठी घातला ते आंधळ्यालाही कळलं असतं. कुणीतरी कैची परत जोडायचा प्रयत्न केला होता.

आणि मला आठवलं. बहिणीचे दिवस झाले त्यानंतरच्या आठवड्यात बाबा वेल्डिंगचं मशीन मागून आणून शेडमध्ये जात होते. मी त्यांना चहा घेऊन जायचो. ते गाडीखाली असायचे, फक्त पाय दिसायचे आणि निळा उजेड. आजी सांगायची, त्याला घरात बसवत नाही, तिचं तोंड बघवत नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. माणूस कामात दुःख विसरतो, असं शेजारच्यांनी एकमेकांना समजावलं होतं.

म्हणजे त्यांना कळलं होतं. फिटर माणूस. त्या उघड्या दारापाशी ते एकटे उभे राहिले असतील, मागून गाडी दाबून बघितली असेल, आणि त्यांना समजलं असेल. मग ते खाली शिरले, जोड लावून आले, वर येऊन जेवायला बसले, आणि समोर वाढणाऱ्या बाईला त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या वर्षी नाही, शेवटच्या आजारात ती त्यांचे पाय चेपत होती तेव्हाही नाही. त्यांच्या गप्प राहण्याला आम्ही मोठेपणा म्हणत होतो. मला बाबांचा राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

मित्र हात पुसत म्हणाला, "बघ, माझं ऐक. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकी सत्तरीच्या पुढच्या आहेत. खटक्याचं सांगायचं तर सांग. अँगलचं नको सांगू." मला ते पटलं होतं. तसंच करायचं ठरवून मी वर गेलो. आई बाबांचा फोटो भिंतीवरून उतरवून जुन्या साडीत गुंडाळत होती, काच फुटू नये म्हणून चार पदर घालून. मी म्हटलं, "आई, जरा खाली येतेस? गाडीत बसायचंय."

ती का म्हणून विचारेल असं वाटलं होतं. तिने विचारलं नाही. फोटो खाटेवर ठेवला आणि चप्पल घातली.

मी तिला डावीकडे बसवलं. मित्राने चहावरून परतलेल्या त्या चौघांना पुन्हा बोलावलं, या वेळी कुणी हसत नव्हतं. मी म्हटलं, "आई, दार तू लाव." तिने माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे करून दार ओढलं. खटका वाजला. शेडमध्ये शांतता होती, सगळ्यांनी तो ऐकला. "लागलं?" मी विचारलं. तिने आतून ढकलून बघितलं आणि म्हणाली, "लागलं." मग ते चौघं मागे चढले.

दार उघडलं. आईचे दोन्ही हात मांडीवरच होते. तिने दाराकडे बघितलं, मागे वळून त्या माणसांकडे बघितलं. "उतरा," ती म्हणाली. ते उतरले. तिने दार पुन्हा लावलं, पुन्हा ढकलून बघितलं. "बसा." दार पुन्हा उघडलं. असं तिने कितीदा केलं मला सांगता येणार नाही. शेवटी मित्रच म्हणाला, "काकी, पुरे." तेव्हा ती थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी लावलेलं." एवढंच. गेली कित्येक वर्षं ते वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. मी म्हटलं, "आपण आत्याला सांगू. सगळ्यांना सांगू."

"सगळे कोण?" ती म्हणाली. "सासूबाई गेल्या. ती हॉस्पिटलातली बाई गेली. नळावरच्या सगळ्या गेल्या."

"आत्या आहे ना. आजच जाऊ दादरला."

"तिला नको." आई सीटवरून उतरायला लागली, मी हात दिला. "मागे कोण बसलेलं? तीच ना? आता या वयात तिच्या डोक्यावर हे घालू? तिच्या नवऱ्याच्या भावांच्या डोक्यावर घालू? नको. कुणाला नको."

तिच्या निर्दोष असण्याला ऐकून घेणारा एकच माणूस जिवंत होता, आणि त्याला ते सांगणं म्हणजे एकीच्या डोक्यावरचा दगड काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवणं. हे तिला उतरता उतरता कळलं होतं. मला अजून पुरतं कळत नव्हतं.

शेडच्या दाराशी ती वळली. "यांना ठाऊक होतं?" तिने विचारलं.

मित्राने माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली, नाही म्हण. मी तोंड उघडलं. पण तिच्याशी आजवर पुष्कळ जण पुष्कळ खोटं बोलले होते, किंवा खरं बोलले नव्हते, आणि त्यात भर घालायची माझी इच्छा नव्हती. "हो," मी म्हटलं. "नंतर कळलं होतं. त्यांनी खाली जोड घातलाय." तिने विचारलं, "चहा ठेवू का सगळ्यांना?" आणि जिना चढायला लागली.

दातांच्या डॉक्टरला मी सगळं दाखवलं, कैची, अँगल, खाच. बहिणीचं सांगितलं नाही. तो म्हणाला, कळलं ना दुखणं कुठे आहे, मग झालं, नवी कैची मी करून घेईन. ट्रॉलीवर चढवून त्याने गाडी नेली. आई गॅलरीत आली नाही. पुढच्या आठवड्यात आम्हीही अँटॉप हिलला आलो. बाबांचा फोटो इथे कुठल्या भिंतीवर लावायचा ते मी आईला विचारलं, तर म्हणाली, "लाव कुठेतरी." तो अजून त्या साडीतच आहे.

बाकी तिच्यात काही बदल झाला असं म्हणता येणार नाही. टॅक्सीचं दार ती अजूनही लावत नाही. मी एकदा आठवण करून दिली, तर म्हणाली, "हात जात नाही." इतक्या वर्षांनी हात निर्दोष ठरला म्हणून तो लगेच पुढे होत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

भाद्रपदात बाबांच्या तिथीला तिने नेहमीसारखा सगळा स्वयंपाक केला. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी. मागच्या वर्षी लालबागला कावळा फार उशिरा शिवला होता आणि आई तोवर पाणीही न पिता गच्चीत उभी होती, पदर डोक्यावर घेऊन, 'या हो, काही चुकलं असेल तर पोटात घाला' असं पुटपुटत. या वर्षी मी पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून आलो. दोन कावळे टाकीवर बसले होते, खाली येत नव्हते. थोडा वेळ थांबून मी घरात बघायला आलो, तर आईने स्वतःचं ताट वाढून घेतलं होतं आणि ती पाटावर बसली होती.

"आई, कावळा शिवला नाही अजून," मी म्हटलं.

"शिवेल कधीतरी," ती म्हणाली. "मला भूक लागलीय. आज त्यांना थांबू दे."

आणि तिने वडा मोडून पहिला घास घेतला.